अब्बांच्या वह्या आणि तीन विभागांचे दरवाजे

(संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मिरजेत झालेल्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला 'आंतरविद्याशाखीय संशोधन'. शब्द उच्चारतानाच दम लागतो. मी त्यांना म्हटलं, मी एवढं मोठं काही बोलणार नाही. अर्थशास्त्र, संगीत आणि इतिहास या तीन विषयांच्या बांधावर माझं काम कसं सुरू झालं आणि कसं अडलं, तेवढं सांगेन. आणि या बांधावर ज्यांनी शेती केली अशा एकदोघांची ओळख करून देईन. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता तक्रार करायची असेल तर त्यांच्याकडे करा.

साल १९८४. मी तालुक्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवायचं होतं. विषय मी मनाशी केव्हाच ठरवला होता: दक्षिण महाराष्ट्रातल्या वादक कुटुंबांची अर्थव्यवस्था. समितीसमोर गेलो. एका सदस्यांनी विचारलं, "यात अर्थशास्त्र कुठं आहे?" दुसरे जरा दयाळू होते. ते म्हणाले, "विषय चांगला आहे, पण तुम्ही संगीत विभागाकडे जा." गेलो. तिथल्या प्रमुखांनी प्रेमानं बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "आपण कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, मला काहीच वाजवता येत नाही, आमचे अब्बा वाजवतात. "काय वाजवतात?" बँडमध्ये क्लॅरिनेट. त्यानंतर त्यांचा चेहरा जो झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. बँड म्हणजे संगीत नव्हे, हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही एवढंच. मग इतिहास विभाग. तिथं विचारलं, "साधनं कुठल्या दप्तरातली?" मी म्हटलं, घरच्या ट्रंकेत आहेत, वह्या आहेत. उत्तर आलं, घरची हिशेबाची वही म्हणजे साधन नव्हे.

शेवटी मी ऊस उत्पादकांच्या सहकारी कर्जावर प्रबंध लिहिला. पदवी मिळाली, बढती मिळाली, निवृत्तीवेतनही वेळेवर येतं. त्यामुळे माझं फार वाईट झालं असं म्हणायला जागा नाही. पण त्या वह्या ट्रंकेतच राहिल्या. अकरा होत्या, चार उरल्या. दोन भिजल्या, बाकीच्या आमच्या घराचं छत बदलताना रद्दीत गेल्या. तो दोष विद्यापीठाचा नाही, माझा आहे.

आता त्या वह्यांत काय होतं ते सांगतो, कारण आजच्या भाषणाचा जीव तिथं आहे. अब्बांची बँड पार्टी होती, चौदा माणसांची. लाल कापडी बांधणीच्या लांब चोपड्या. एका पानावर तारीख, गाव, लग्नघर, सुपारी किती, बाकी किती, माणसं किती नेली, जेवण त्यांच्याकडं की आपलं. हे सगळं मराठीत, कारण गिऱ्हाईक मराठी आणि भांडण झालं तर वही दाखवावी लागायची. पण समासात गाण्यांची नावं लिहिलेली असायची, ती उर्दूत. कुठल्या गावानं कुठलं गाणं परत परत मागितलं, ते. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या दृष्टीनं हिशेब गावाचा होता आणि गाणं स्वतःचं, म्हणून दोन लिप्या.

१९७३ च्या उन्हाळ्याची पानं उघडली तर ती जवळजवळ कोरी आहेत. बहात्तरचा दुष्काळ. लग्नंच नाहीत, झाली ती वाजंत्रीशिवाय. एका पानावर फक्त नावं आहेत, आणि पुढं 'खडी' असं लिहिलंय. मी अब्बांना विचारलं तेव्हा कळलं की आपल्या पार्टीतले कोण कोण दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, त्याची ती नोंद होती. उचल दिलेली होती ना, ती कुणाकडून कधी परत यायची ते कळायला हवं. ट्रंपेट वाजवणाऱ्या एका चाचांची बोटं त्या कामानं अशी सुजली की पुढच्या हंगामात त्यांना ढोलावर बसवावं लागलं. दुष्काळावर आणि रोजगार हमीवर मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. माणशी धान्य, मजुरीचे दर, कामावरची संख्या. पण दुष्काळात एक कला हातातून कशी निसटते, हे मला त्या एका पानानं सांगितलं.

दुसरं पान १९९३ चं. डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींनंतरची लग्नसराई. आदल्या दहा वर्षांत दरवर्षी सुपारी देणारी तीन गावं त्या हंगामात नाहीत. एक गाव पुढच्या वर्षी परत आलं. दुसरं तीन वर्षांनी आलं. तिसरं कधीच आलं नाही. हे वाचून मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी त्याच रागात त्या तिसऱ्या गावी गेलो. तिथले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आमच्याच पोरांनी बेंजो पार्टी काढली, बाहेरून कशाला आणायचं?" आता यातलं खरं कोणतं? बेंजो स्वस्त पडतो, चार माणसांत भागतं, ध्वनिक्षेपक असला की आवाजही मोठा. हे कारण पुरेसं आहे. पण मग पोरांना बेंजो नेमका त्याच वर्षी का सुचला? मला आजही ठाम सांगता येत नाही. आजूबाजूच्या दहा बँडवाल्यांच्या वह्या असत्या तर कदाचित सांगता आलं असतं. सगळ्यांचीच कामं घटली असती तर बाजार बदलला, फक्त आपल्या लोकांचीच घटली असती तर मन बदललं. हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा नाही, निव्वळ अर्थशास्त्राचाही नाही, आणि बँडच्या वाद्यांचं काही कळत नसलेल्या माणसाला तो पडणारच नाही.

माझी ही घालमेल चालू असताना मला एका माणसाची पुस्तकं भेटली. धूर्जटीप्रसाद मुखर्जी. त्यांना सगळे डी. पी. म्हणत. जन्म १८९४ चा, बंगालमधला. कोलकात्यात इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांत एम. ए. केलं. १९२२ मध्ये लखनौ विद्यापीठात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या विभागात रुजू झाले आणि १९५४ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, तिथंच शिकवलं. पगार अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा, पण माणूस ऐकायला बसे गाणं. १९३५ साली रवींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचा संगीतावरचा पत्रव्यवहार 'सुर ओ संगति' या नावानं बंगालीत छापला गेला. १९४२ मध्ये आधुनिक भारतीय संस्कृतीवर पुस्तक, १९४५ मध्ये भारतीय इतिहासाच्या पद्धतीवर एक आणि भारतीय संगीताची ओळख करून देणारं दुसरं. शिवाय बंगालीत कादंबऱ्या. त्यांची काही इंग्रजी पुस्तकं आपल्या मुंबईच्या हिंद किताब्जनं काढली. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांतलं एक होतं, आणि माझ्याआधी ते कुणीही नेलेलं नव्हतं. कार्ड कोरं होतं.

डी. पीं.चं म्हणणं थोडक्यात असं. भारतातला समाज समजून घ्यायचा तर इथली परंपरा समजून घेणं हे अभ्यासकाचं पहिलं काम. पण परंपरा म्हणजे कुलूप लावलेली कोठी नव्हे. तिच्यात बदलाची स्वतःची तत्त्वं असतात, आणि ती त्यांनी तीन सांगितली: श्रुती, स्मृती आणि अनुभव. यातलं अनुभव हे खरं उलथापालथ करणारं. संतांचा आणि सूफींचा अनुभव एकट्याचा म्हणून सुरू होतो आणि बघता बघता समूहाचा होतो, मग जुनी चौकट हलते. १९५५ मध्ये देहरादूनला भारतीय समाजशास्त्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. त्याच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय परंपरा आणि सामाजिक बदल हाच होता. हे मांडताना ते मार्क्स बाजूला ठेवत नाहीत. इंग्रजांच्या जमीनव्यवस्थेनं आणि शिक्षणानं जो मध्यमवर्ग उभा केला त्याला ते नकली म्हणत. त्याचं ना जमिनीशी नातं, ना इथल्या संस्कृतीशी. संस्कृतीवरच्या त्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९४८ मध्ये निघाली, फाळणीची राख अजून गरम होती तेव्हा. दोन धर्म एकत्र राहू शकत नाहीत म्हणून हे झालं, हे सोपं उत्तर त्यांनी घेतलं नाही. आपला इतिहास विसरलेल्या या मध्यमवर्गाकडे त्यांनी बोट दाखवलं.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा बंगाली ब्राह्मण मुसलमानांबद्दल लिहितो तेव्हा उपकार केल्यासारखं लिहीत नाही, आणि 'सर्व काही मिळून मिसळून होतं' असं गोड गोडही लिहीत नाही. सल्तनतीत महसूल कुणाच्या घरी जात होता हा प्रश्न तो विचारतो. ज्याला गाणं ऐकायचा कान आहे आणि महसुलाचा तक्ता वाचायचा डोळा आहे, त्याला खोटं गोडवं लिहायची गरज पडत नाही.

१९५४ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांनी त्यांना अलीगढला बोलावलं, अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून. झाकिरसाहेब तेव्हा तिथं कुलगुरू होते. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ, बर्लिनची डॉक्टरेट, आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं उर्दू भाषांतर करणारे. अशा माणसाला अशा माणसाची किंमत कळणारच. पाचेक वर्षं डी. पी. अलीगढला होते. मधेच घशाचा कर्करोग निघाला, १९५६ मध्ये झुरिचला शस्त्रक्रिया झाली. ज्यांची सगळी ख्याती बोलण्यासाठी होती, त्यांचा आवाजच गेल्यासारखा झाला. तरी परत येऊन शिकवलं. १९६१ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव कुमारप्रसाद मुखर्जी आग्रा घराण्याचं गायले आणि उस्तादांच्या दुनियेवर त्यांनी फार रसाळ लिहिलं. ते जरूर वाचा, हसून पोट दुखेल.

लखनौचं नाव निघालं म्हणून आपल्या माणसाकडे येतो. डी. पी. तिथं शिकवत असतानाच, १९२६ मध्ये, त्याच शहरात मॅरिस म्युझिक कॉलेज निघालं. ते उभारणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशानं वकील. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. संस्कृत ग्रंथांत जे लिहिलंय ते आज गायलं जात नाही, आणि जे गायलं जातं त्याचं शास्त्र कुणी लिहिलेलं नाही, हे त्यांनी निर्भयपणे सांगितलं. ही इतिहासकाराची दृष्टी आहे. त्यांची पद्धत उर्दूत नेली ती अकबरपूरचे तालुकदार नवाब अली खाँ यांनी, 'मआरिफुन्नग़मात' या पुस्तकातून. मराठी आणि उर्दूचं असं नातं आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आता जरा नाजूक भाग. भातखंड्यांनी जुन्या बंदिशी जमवल्या त्या बहुतांशी उस्तादांकडून. जयपूरचे मोहम्मद अली खाँ आणि त्यांच्या पुत्रांकडून तर मोठा साठा मिळाला. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत त्या छापल्या गेल्या. आणि या सगळ्या कहाणीत एक वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल: उस्ताद लोक विद्या लपवायचे, संकुचित होते, अडाणी होते. संगीताच्या पुस्तकांत हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की आपणही मान डोलावतो.

इथं अर्थशास्त्राचा माणूस म्हणून मी हात वर करतो. तुमच्याकडे जमीन नाही, पेन्शन नाही, दरबार आज आहे तर उद्या नाही. तुमची सगळी मालमत्ता म्हणजे दीडदोनशे बंदिशी आणि त्या मांडायची रीत. ही मालमत्ता अशी की दुसऱ्यानं एकदा ऐकून उचलली की तिचा भाव उतरला. कॉपीराइट नाही, कोर्ट नाही. मग तुम्ही काय कराल? तेच जे कुठलाही शहाणा व्यापारी करतो. मालमत्ता घरात ठेवाल, मुलाला द्याल, मुलगी द्यायची तर घराण्यातच द्याल. लग्नात बंदिशी जहेज म्हणून दिल्याच्या गोष्टी उस्तादांच्या घरांत सांगतात, त्यांवर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आमच्या उसाच्या पट्ट्यात जमिनीचा तुकडा घरातच राहावा म्हणून मामेबहिणीशी लग्न लावतात, त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. व्यवहारी म्हणतात.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. घरात ठेवलेली विद्या घरातल्या मुलाला गळा नसेल तर मरते. किती बंदिशी अशा कबरीत गेल्या असतील. भातखंड्यांनी त्या छापल्या म्हणून शाळामास्तरांची मुलगीसुद्धा काही आण्यांत त्या शिकू शकली. बाईनं गाणं शिकणं इभ्रतीचं झालं त्यात या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. तेव्हा ती चोरी होती असं मी म्हणणार नाही. मात्र ज्यांचं भांडवल सार्वजनिक झालं त्यांना बदल्यात काय मिळालं, हा हिशेब मांडायचा राहून गेला. सुरुवातीला लखनौच्या त्याच कॉलेजात खलिफा आबिद हुसेन तबला शिकवत होते, सखावत हुसेन खाँ सरोद शिकवत होते. पुढं पुढं नोकरीसाठी परीक्षा, पदवी, लेखी उत्तरं आली, आणि ज्याच्या घराण्यातली चीज अभ्यासक्रमात होती त्याचाच नातू अर्ज करायला अपात्र ठरू लागला. इतिहासकार जानकी बखले यांनी भातखंडे आणि पलुसकर यांच्यावर 'टू मेन अँड म्युझिक' हे पुस्तक लिहिलं आहे. उस्ताद बाजूला कसे पडले याचा माग त्यांनी राष्ट्रवादात घेतला. त्यांचं बरंचसं मला पटतं. माझी पुरवणी एवढीच की पगारपत्रकंही बघा. विचारधारा माणसाला दारातून बाहेर काढते हे खरं, पण कित्येकदा पात्रतेचा एक रकानाच तेवढं काम करून जातो.

मोठमोठ्या नावांबद्दल थोडं झटपट सांगतो, कारण वेळ कमी आहे आणि या विषयावर आपण घरी खूप बोलतो. अमीर खुसरोंनी सतार आणि तबला शोधला असं आपण अभिमानानं सांगतो. खुसरो थोर कवी होते, त्यांना संगीताची जाण होती, हे निर्विवाद. पण सतार-तबला त्यांनी शोधल्याचा त्यांच्या काळातला पुरावा नाही. पुरावा नसेल तर आपला असला तरी दावा सोडायचा. दुसऱ्याचा खोटा दावा खोडायचा हक्क त्यातूनच येतो.

उदाहरणार्थ औरंगजेब. त्यानं संगीतावर बंदी घातली, गवयांनी संगीताची तिरडी काढली, तो म्हणाला नीट खोल पुरा, ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली. कॅथरिन स्कोफिल्ड या संशोधक बाईंनी २००७ च्या एका निबंधात ती तपासली. निघालं असं की त्यानं स्वतः गाणं ऐकणं सोडलं, १६६८-६९ च्या सुमारास, पण त्याच्या राज्यात सरसकट गाणं बंद झालं नाही. उलट त्याच्याच कारकिर्दीत संगीतावर फारसीत ग्रंथ लिहिले गेले. त्याच्याच दरबारचा उमराव फकीरुल्ला यानं 'मानकुतूहल' या ग्रंथाच्या आधारानं 'रागदर्पण' लिहिला. याचा अर्थ औरंगजेब भला ठरतो असा मुळीच नाही. त्याच्या बाकीच्या कृत्यांचा हिशेब वेगळा, आणि महाराष्ट्राला तो कुणी शिकवायची गरज नाही. पण संशोधकानं एका गुन्ह्याच्या पुराव्यावर दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा देऊ नये. फारसी येणाऱ्या आणि गाणं कळणाऱ्या माणसालाच हे करता आलं. नुसतं फारसी येणाऱ्यांनी ते कागद आधी चाळले नव्हते असं थोडंच आहे?

आणि ज्यांना वाटतं की हे बांध आपल्याकडे पूर्वीपासूनच होते, त्यांनी 'आइने अकबरी' उघडून बघावी. साधारण १५९५ च्या सुमाराचा ग्रंथ. त्यात धान्याचे भाव आहेत, पिकांवरच्या महसुलाचे दर आहेत, सुतारा-मजुरांची रोजंदारी दामांत दिलीय, चाळीस दामांचा रुपया. आणि त्याच ग्रंथात दरबारच्या छत्तीस गायक-वादकांची यादी आहे, तानसेनपासून सुरू होणारी, कुणी ग्वाल्हेरचा, कुणी मशहदचा, कुणी हेरातचा. इरफान हबीब आणि शिरीन मूसवी यांनी या भावांच्या आणि दरांच्या तक्त्यांतून मुघल काळाची अर्थव्यवस्था उभी केली. संगीताचे अभ्यासक गवयांची यादी वाचतात. ग्रंथ एकच, पण दोघे बहुधा वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचतात. मजुराला दिवसाला दोन दाम मिळत असताना सनईवाल्याला काय मिळत असेल, हा प्रश्न दोघांच्या मधल्या भिंतीत अडकलेला आहे.

आता बाहेर बघा. हे शिबिर मिरजेत भरलंय, ते जागा स्वस्त मिळाली म्हणून असेल, पण मला बरं झालं. इथून चालत गेलं की मीरासाहेबांचा दर्गा. तिथं उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. कैरान्याचा माणूस, १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनवर वारले, आणि माती मिळाली ती मिरजेची. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि ते चालवायला तिकीट लावून जलसे केले. दरबाराऐवजी तिकीट! या एका बदलावर एक प्रबंध होईल. त्यांच्याच कानाच्या भरवशावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजमापं करत होते. देवल पेशानं डेप्युटी कलेक्टर, म्हणजे महसुलाचा माणूस. पुस्तकावर नाव देवलांचं आहे. कान कुणाचा होता हेही आपण लक्षात ठेवू.

आणि दर्ग्याच्या आसपासच्या गल्ल्यांत तंतुवाद्यांची दुकानं. सतार, तानपुरा. हे कारागीर शिकलगार. यांचे पूर्वज तलवारी-भाल्यांना धार लावायचे. इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या, हत्यारांचं काम गेलं, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं हेच हात तानपुऱ्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव इथं आजही आदरानं घेतात. एका राजकीय घटनेनं एका जमातीचा धंदा बुडवला, दुसरा दिला, आणि त्या दुसऱ्या धंद्यावर गेली दीडशे वर्षं देशभरचे गवई षड्ज लावताहेत. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेच्या काठचा. म्हणजे वारकऱ्यांच्या मुलुखातला शेतकरी भोपळा पिकवतो, मिरजेचा मुसलमान कारागीर त्याला तारा लावतो, आणि त्यावर कुणीतरी अभंग गातो. यावर भावुक होऊन टाळ्या वाजवणं सोपं आहे. मला तुमच्याकडून दुसरं काही हवंय.

मला हवंय की तुमच्यापैकी कुणीतरी विचारावं, त्या भोपळ्याला शेतकऱ्याला किती मिळतात? आकार चुकला तर तोटा कुणाचा? पाऊस अवेळी पडला आणि वेलावरच भोपळा सडला तर इथल्या कारखानदाराचं वर्ष कसं जातं? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. त्यानंतर जवारी लावणाऱ्या माणसाची मजुरी वाढली का? इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तो मोबाइलमध्ये आला, फुकट. त्यानं किती तानपुरे कमी झाले, की उलट शिकणारे वाढले आणि पुढं जाऊन त्यांनीच खरा तानपुरा घेतला? या घरांतल्या मुली काय करतात? पॉलिश, नक्षी, हिशेब हे काम त्या करतात का, आणि करत असतील तर कारागीर म्हणून त्यांचं नाव कुठं लागतं? ज्याला जवारी म्हणजे काय हे कानानं कळतं, ज्याला खतावणी वाचता येते आणि ज्याला संस्थानच्या दप्तरात बसायचा धीर आहे, त्यालाच हे जमेल. तिन्ही गुण एकात नसतील तर तिघं मिळून करा. कुणी अडवलेलं नाही.

तुमच्या मनात दोन शंका असतील. पहिली घरची. गाण्याबजावण्यावर अभ्यास करतोय म्हटलं की कुणीतरी मामू म्हणणार, हराम आहे. माझ्या मामूंनीही म्हटलं होतं. त्यांना मी सांगितलं होतं की समाअ चालेल की नाही यावर दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांना तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभं राहावं लागलं होतं, वाद जुना आहे, तुम्ही-मी तो संपवणार नाही. पण अब्बांच्या क्लॅरिनेटवर तुमच्या बहिणीचं घर चाललं, ते पैसे कसे आले एवढं तरी मला लिहू द्या. मामू यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जुन्या उधारीचा एक कागद आणून दिला, किराणा दुकानाचा, १९६६ चा.

दुसरी शंका नोकरीची, आणि ती खोटी नाही. दोन विषयांच्या मधे उभा राहणारा उमेदवार मुलाखतीत दोन्हीकडून पडतो. मी पडलो. म्हणून मी तुम्हाला बेफिकीर व्हा असं सांगणार नाही. एका विषयाची पदवी पक्की करा, तिच्यावर पोट भरा, आणि बांधावरचं काम रविवारी करा. मीही ते रविवारी करायला हवं होतं. मी दुखावून बसलो आणि सात वह्या गमावल्या.

उरलेल्या चार मी आज आणल्यात. मागच्या टेबलावर आहेत. समासातलं उर्दू अक्षर बारीक आहे, ज्यांना येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं. चहानंतर बघा, हात कोरडे करून. १९७३ च्या पानाला मी सुतळीची खूण लावलीय. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी, आजोळी, गल्लीत अशी वही असेल, बँडवाल्याची, पिंजाऱ्याची, अत्तरवाल्याची, कुणाचीही, तर जायच्या आधी मला गावाचं नाव सांगा. मी एक नवी वही केली आहे.